दुसरी रात्र

लघुग्रह शोधायला आकाशाच्या एकाच भागाचे तासाभरात चार फोटो घेतले होते. त्यांत एक हलणारा ठिपका होता. तिसऱ्या फोटोत तो एका ताऱ्याला चिकटला होता, त्यामुळे सॉफ्टवेअरने त्याला सोडूनच दिलं होतं. पहिल्या, दुसऱ्या आणि चौथ्या फोटोत मात्र तो सुटा दिसत होता आणि एका सरळ रेषेत सरकत होता. कॅमेऱ्यावर आदळलेला वैश्विक किरण असता तर एकाच फोटोत दिसला असता. वेग मोजला: मिनिटाला अर्ध्या विकलेहून (विकला म्हणजे अंशाचा 3600वा भाग) थोडा जास्त, पश्चिमेकडे. मंगळ आणि गुरू यांच्यामधल्या मुख्य पट्ट्यातले लघुग्रह प्रतियुतीच्या सुमारास, म्हणजे आकाशात सूर्याच्या विरुद्ध दिशेला असताना, असेच वक्री, ताऱ्यांमधून पश्चिमेकडे, चालतात. लघुग्रहांची जगभरची नोंद ठेवणाऱ्या मायनर प्लॅनेट सेंटरच्या यादीशी ताडून पाहिलं, तर त्या जागी कोणीच नव्हतं.

पण पट्ट्यातल्या लघुग्रहाला एका रात्रीच्या वेधांवर साधं तात्पुरतं नामांकनही मिळत नाही. दुसऱ्या रात्री ढग. तिसऱ्या रात्रीही तेच. वर पौर्णिमा तोंडावर आलेली, आणि पौर्णिमेचा चंद्र नेमका प्रतियुतीच्याच दिशेला असतो! ठिपका दिवसाला पाव अंश सरकणार. जितका उशीर, तितकं शोधायचं आकाश मोठं. पियाझ्झी या खगोलशास्त्रज्ञाने 1801 साली शोधलेला सीरीस हा पहिला लघुग्रह असाच सूर्याच्या उजेडात हरवला होता, पण त्याच्या हाती काही आठवड्यांचे वेध होते आणि कक्षा मांडायला गाउससारखा गणिती होता. आमच्या हाती जेमतेम तासाभराचे.

पहाटेकडे ढग फाटले आणि अंदाजाच्या जागेपासून थोडा बाजूला तो सापडला. माझ्या लेखी शोध लागला तो तेव्हा.

पुढची वर्षं कारकुनीची. कायम क्रमांकासाठी साधारण चार प्रतियुत्यांचे वेध लागतात आणि प्रतियुती येते सव्वा-दीड वर्षाने एकदा. क्रमांक मिळाल्यावर नाव सुचवायला दहा वर्षं असतात, तरी भांडणं लगेच सुरू झाली. एकाला मांजरीचं नाव हवं होतं. पाळीव प्राण्यांची नावं मंजुरी देणाऱ्या समितीला नकोशी असतात. दुसऱ्याने एक राजकीय नेता सुचवला. त्यासाठी मृत्यूला शंभर वर्षं उलटावी लागतात. शेवटी मी आमच्या दुर्बिणीचा आरसा सांभाळणाऱ्या तंत्रज्ञांचं आडनाव पाठवलं. सोळा अक्षरांच्या मर्यादेत आरामात बसलं आणि मंजूरही झालं.

त्यांना नाव जाहीर झाल्याचं पत्रक दाखवलं, तर म्हणाले, "आपल्यावर पडणार नाही ना? नाहीतर नाव माझं जायचं!"

मी कक्षा काढून दाखवली. सूर्याच्या सर्वांत जवळ येतो तेव्हाही तो मंगळाच्या पलीकडेच असतो.