ईसीजीची कोरी पट्टी

बाबांना नेहमीच्या तपासणीला नेलं होतं. डॉक्टरांनी ईसीजी पाहून विचारलं, "लेफ्ट बंडल ब्रँच ब्लॉक दिसतोय, म्हणजे हृदयाच्या डाव्या भागाकडे जाणाऱ्या विजेच्या वाटेत अडथळा. हा आधीपासून आहे की आता झालाय? जुना ईसीजी आहे का?"

होता ना! २०१६ चा, पारदर्शक कव्हरात जपलेला. काढून पाहिला तर गुलाबी चौकटी तेवढ्या शिल्लक, हृदयाची रेघ गायब. ईसीजी बहुधा थर्मल कागदावर निघतो. त्यात शाई नसते, उष्णतेनं कागदावरचं रसायन काळं होतं. ऊन आणि उष्णता त्याला बाधतातच, पण अशा कव्हरांचं पीव्हीसी प्लास्टिक लवचीक ठेवणारी द्रव्यंही ती रेघ पुसतात. कव्हर मीच आणलं होतं. फार वाईट वाटलं.

त्या रात्री फाईल जमिनीवर पसरली. तारखेप्रमाणे लावायचा मोह आवरला आणि जे आधी नष्ट होईल ते आधी घेतलं: बाकीचे ईसीजी, सोनोग्राफीच्या छोट्या प्रिंट. ३०० डीपीआयवर, रंगीत स्कॅन. कृष्णधवलात चौकट आणि रेघ एकमेकांत मिसळतात. कडा कापल्या नाहीत, कारण '२५ मिमी/सेकंद, १० मिमी/मिलिव्होल्ट' हे तिथंच छापलेलं असतं आणि त्यावाचून आलेख मोजता येत नाही. फाईलच्या नावात आधी वर्ष, मग महिना, मग दिवस. क्रम आपोआप लागतो.

अँजिओग्राफीच्या सीडीनं दमवलं. लॅपटॉपला ड्राइव्हच नाही, तो मागून आणला. पडद्याचे फोटो काढून भागणार नव्हतं. मूळ डायकॉम फाईलमध्ये (वैद्यकीय चित्रांचा हा ठरावीक फाईल-प्रकार) चित्राबरोबर तारीख, मापं, रुग्णाचं नावही असतं. म्हणून अख्खं फोल्डर जसंच्या तसं उतरवलं आणि पासवर्ड लावला. तीन प्रती केल्या, एक बहिणीकडे. प्रत्येक प्रत उघडून पाहिली.

कागद मात्र एकही फेकला नाही. गंजलेल्या टाचण्या काढताना एका रिपोर्टला चिकटलेलं २०१६ चं डिस्चार्ज कार्ड सुटं झालं. त्यावर बॉलपेननं लिहिलेलं: 'ईसीजी – एलबीबीबी'. लेफ्ट बंडल ब्रँच ब्लॉकच! अक्षर ठळक होतं.

सकाळी ते कार्ड डॉक्टरांपुढे ठेवलं. त्यांनी दोनदा वाचलं, इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करायला सांगितलाच, पण केसपेपरवर लिहिलं, 'ब्लॉक जुना, २०१६ पासून.' घरी येताच तो केसपेपर स्कॅन केला.