मराठीचा पेपर अन् आमच्या गावची पोट्टी

दहावीचा पहिला पेपर मराठीचा असतो आणि आमच्याकडे त्याचाच अभ्यास कोणी करत नाही. फेब्रुवारीत कोणाच्याही घरी जा, पोट्टं गणित घेऊन बसलेलं असेल नाहीतर इंग्रजीचे निबंध घोकत असेल, आणि विचारलं की मराठीचं झालं का रे, तर उत्तर ठरलेलं, "त्याचं काय करा लागते ताई, आपलीच त भाषा हाय." मग निकाल आला की गणितापेक्षा मराठीत कमी, आणि घरचे म्हणतात पेपर तपासणाऱ्यानं कंजुषी केली.

मी गावातच असते, अमरावती जिल्हा, चांदूर बाजार तालुका, ग्रामपंचायतीत दाखले-उतारे काढून द्यायचं काम. एमए मराठी केलंय, त्याचा सध्याचा उपयोग म्हणजे संध्याकाळी आमच्या ओसरीवर काकांची धाकटी, तिच्या मैत्रिणी आणि एकदोन पोट्टे पुस्तकं घेऊन येतात. पोरी सरकारच्या मानव विकास योजनेच्या निळ्या बसनं शाळेतून येतात, त्या आल्या की चहा आणि मग अभ्यास. पोट्टे मात्र कधी येतात कधी नाही, कारण हरभरा शेतात उभा आहे आणि रात्री डुकरांसाठी जागलीला जावं लागतं. एक जण तर कुमारभारती, म्हणजे मराठीचं पुस्तक, घेऊनच जागलीला जातो. वाचतो किती ते त्याचं त्यालाच माहीत.

पहिल्याच दिवशी मी त्यांना कृतिपत्रिकेचा, म्हणजे पेपरचा, हिशोब मांडायला लावला. लेखी 80 मार्कांची, 20 शाळेच्या हातात. त्या 80 मधले गद्याला 18, कवितेला 16, स्थूलवाचनाला 6, भाषाभ्यासाला 16 आणि उपयोजित लेखनाला 24. म्हणजे पत्र, जाहिरात, बातमी, गोष्ट, निबंध, जे कोणी कधी घरी बसून लिहूनच पाहत नाही, ते सगळ्यात जड. आणि ज्या धड्यांचे प्रश्नोत्तर रात्र रात्र पाठ करतात त्यांना 14, कारण गद्याच्या 18 मधले 4 तर पुस्तकाबाहेरच्या उताऱ्याचे. हे आकडे वहीत लिहिल्यावर एक पोरगी म्हणाली, "मंग आपण इतके दिवस काय करून रायलो होतो वो?" मी म्हटलं गाईड पाठ करून राहिले होते.

गाईडबद्दल मला थोडं बोलायचंच आहे. माझा गाईडला विरोध नाही, आकृतिबंध कसा भरायचा, ओघतक्ता म्हणजे काय, हे कळायला बरं असतं. पण रसग्रहण गाईडमधून पाठ करणं म्हणजे डोक्याला ताप. चार मार्कांसाठी सगळ्या कवितांना एकच साचा, कवीनं अत्यंत समर्पक शब्दांत भावना व्यक्त केल्या आहेत, भाषा साधी सोपी व ओघवती आहे, कविता मनाला भिडते. कोणती कविता? कोणतीही! एकीनं मला संतवाणीतल्या अभंगाला आणि 'औक्षण' या कवितेला तेच तीन वाक्य लिहून दाखवले. मी तिला विचारलं अभंगात देवाला काय मागितलंय आणि औक्षणमध्ये ओवाळायचं कोणाला आहे, तर दोन्ही बरोबर सांगितलं, अगदी तोंडपाठ. मग ते वहीत का नाही आलं बाई? तर म्हणे, "ते त आपलं घरचं बोलणं झालं, पेपरात असं चालते का?"

सगळी अडचण इथं आहे बघा. समजत नाही असं नाही, समजलेलं लिहायच्या लायकीचं नाही असं या पोरांना वाटतं. आपली मराठी गावठी, पेपरातली मराठी तिकडची, पुण्याची.

नारायण सुर्वेंची 'दोन दिवस' घेतली तेव्हा हे लख्ख दिसलं. त्यात हात दारिद्र्याकडे गहाण राहिल्याचं येतं. मी काही न सांगता विचारलं, काय समजलं? बराच वेळ कोणी बोललं नाही, मग जागलीवाला पोट्टा म्हणाला, "गहाण त सातबारा रायते ताई, हात कसे रायतीन?" बाकीचे हसले. पण मला वाटलं हा पोट्टा चार मार्कांच्या दारात उभा आहे आणि त्याला माहीत नाही. मी म्हटलं बरोबर, सातबारा गहाण ठेवला तर पुढं काय होतं? म्हणे, सोसायटीचं भरलं का सुटते. कशानं भरतात? "कापूस इकून, मजुरी करून." म्हणजे कशानं? थोडा थांबला आणि म्हणाला, "हातानं." मग स्वतःच, "अन् हातच गहाण असले त सोडवन कशानं?"

त्याला तेच लिहायला लावलं. आधी जसं बोलला तसं, मग त्याच्याच खाली पुस्तकी मराठीत. शेवटी त्याच्या वहीत असं आलं: जमीन गहाण पडली तर कष्ट करून सोडवता येते, पण कष्ट करणारे हातच गहाण असतील तर माणसाकडे काहीच उरत नाही, कवीने सावकारी व्यवहारातली कल्पना हातांना लावून कामगाराची असहायता दाखवली आहे. आता यात आशय आला, कल्पना आली, सुर्वे मुंबईच्या गिरणगावात वाढले, गिरणीत राबले, ते एका ओळीत टाकलं, कविता रोजच्या बोलण्यासारखी आहे हेही टाकलं, म्हणजे आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य, भाषिक वैशिष्ट्यं तिन्ही झाली. पाठ काहीच करावं लागलं नाही. शेजारची पोरगी लगेच म्हणाली हे आम्ही पण लिहितो, तर म्हटलं नाही, तू तुझं आण, तुझी आई कापूस वेचायला जाते ना, तिच्या बोटांकडे बघून ये.

आणि गावठी मराठीचं म्हणाल तर रिद्धपूर आमच्यापासून कितीसं लांब आहे. म्हाइंभटांनी महानुभाव पंथाच्या चक्रधरस्वामींच्या लीळा, म्हणजे आठवणी, तिथं जमवल्या, लीळाचरित्र मराठीतला आद्य गद्य चरित्रग्रंथ मानतात, तेही तेराव्या शतकातलं. आता तर मराठी भाषा विद्यापीठ पण तिथंच झालंय. मी हे सांगितल्यावर पोरं म्हणाली रिद्धपूरले त आमी गेलो हाओ, तिथं असं काही असते हे कोणी सांगितलंच नाही. असो. मी काही असं म्हणत नाही की पेपर वऱ्हाडीत लिहा, प्रमाण मराठीच लिहावी लागते आणि ती शिकायलाच पाहिजे. माझं म्हणणं इतकंच की विचार वऱ्हाडीत करा, लाज वाटू देऊ नका, कारण विचारच उसना असला की भाषा कितीही शुद्ध केली तरी तपासणाऱ्याला तेच ते वाचावं लागतं.

भाषाभ्यासाचे 16 सोपे आहेत, समास, शब्दसिद्धी, वाक्प्रचार हे सरावानं होतं, त्यावर फार बोलत नाही. फक्त लेखननियमांत आमची पोरं 'ण' चा 'न' करतात, पाणीचं पानी आणि कोणचं कोन, कारण घरात तसंच बोलतात, त्यामुळे रोज पाच ओळी शुद्धलेखन घेते, त्यावरून कुरकुर चालू आहे. यमक समजवायला मात्र फळा लागलाच नाही. सामुदायिक प्रार्थनेला बसणारी पोरं आहेत, तुकडोजी महाराजांची ग्रामगीता अख्खी ओवीत आहे, कानावर लहानपणापासून, पहिल्या तीन चरणांत यमक आणि चौथा आखूड हे त्यांनी स्वतःच बोटांवर मोजून काढलं.

धड्यांमध्ये 'जंगल डायरी' सगळ्यांचा लाडका, कारण ताडोबा, वाघीण, पिल्लं, आणि लेखक अतुल धामनकर पण चंद्रपूरकडचे. त्याच्या स्वमताला कोणाला काही सुचवावं लागत नाही, उलट थांबवावं लागतं, एका पोट्ट्यानं पाच ओळींच्या जागी दोन पानं बिबट्या लिहिला. पुलंच्या 'उपास'चं उलटं. वजन कमी करायला माणूस उपास करतो यात हसायचं काय हेच आधी कळेना, मग मी मोठ्यानं वाचून दाखवला तर आतून आजीच हसायला लागली, नंतर पोरं. पुलं डोळ्यांनी नाही, कानांनी वाचावे असं माझं मत झालंय.

उपयोजित लेखनात पत्र 6 मार्कांचं, नाहीतर त्याऐवजी सारांश. जाहिरात, बातमी, गोष्ट यातले कोणतेही दोन, 5-5 चे, आणि शेवटी लेखनकौशल्य 8 चं. पत्राचा नमुना एकदा डोक्यात बसवायचा, विषयाची ओळ विसरायची नाही, खाली पत्ता आणि ईमेल. बातमीसाठी मी म्हटलं गावातलीच घ्या, तर आलेली बातमी अशी, रानडुकरांच्या हैदोसाने हरभऱ्याचे नुकसान, शेतकरी हवालदिल, खाली ठिकाण, तारीख, आमच्या वार्ताहराकडून. पेपरात छापावी अशी होती खरंच. संत्र्याच्या रसाची जाहिरात पण झकास जमली, पण पोरीनं त्यात चित्र काढण्यात अर्धा तास घालवला. चित्राला मार्क नसतात गं, असं सांगितलं तर रुसली.

वेळेचं मात्र अजून जमत नाहीये. अकरा ते दोन, वरून बोर्डानं शेवटी दहा मिनिटं दिलेली, तरी ही पोरं पहिल्या उताऱ्याच्या चौकटी स्केलपट्टीनं आखत बसतात आणि 24 मार्कांचं लेखन घाईत उरकतात. यावर काकांच्या धाकटीनं स्वतःच ठरवलंय, पाचवा विभाग, म्हणजे उपयोजित लेखन, आधी लिहायचा आणि चौकटी नंतर. तिच्या शाळेतल्या सरांना हे पसंत नाही, पेपर क्रमानंच लिहावा म्हणतात. मी म्हटलं लिही तुला जमते तसा, फक्त प्रश्नाचा नंबर ठळक टाक आणि पेन्सिलीची रेघ हातानंच ओढ.