बोलेरो पिकअपमध्ये जुनं डीआय इंजन: कामाची नोंद, माउंटिंग आणि शाफ्टपर्यंत

मंडळी, इंजन आता स्वतःच्या रबर माउंटिंगवर उभं आहे आणि तसंच उभं राहून चाललंसुद्धा. अजून बरंच काम राहिलंय, तरी इथवरचं लिहून काढतो. इंजन काढलं-बसवलं एवढं सगळेच सांगतात. मधलं मापाचं काम कुणी नीट सांगत नाही, आणि खरी मेहनत तिथेच लागते.

गाडी महिंद्रा बोलेरो पिकअप, बीएस-4 (धुराच्या प्रदूषणाचं मानक), कॉमन रेलवाली, म्हणजे संगणकाच्या हुकमाने डिझेल फवारणारी. घेतली तेव्हाच बंद होती. डिझेलमधून पाणी जाऊन इंजेक्टर आणि हाय प्रेशर पंप दोन्ही संपले होते. चेसिस, डिफरन्शियल, हौदा मात्र ठणठणीत. तिच्यात घालतोय जुन्या बोलेरोतलं एमडीआय 3200, मेकॅनिकल पंपाचं. यालाच पुढे नुसतं डीआय म्हणतोय.

आधी कायद्याचं बोलतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे आरसीतल्या (नोंदणी प्रमाणपत्रातल्या) तपशिलाशी जुळणार नाही असा बदल गाडीत करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी 2019 मध्ये तेच स्पष्ट केलं. इंजन बदलायला आरटीओची मंजुरी लागते, आणि बीएस-4 गाडीत त्याहून जुन्या मानकाचं इंजन मंजूर होईल अशी आशा धरू नका. म्हणून या गाडीची नोंदणी रद्द करून घेतली. ती वरुडकडच्या आमच्या संत्राबागेच्या धुऱ्याआतच राहणार. झाडांच्या ओळीतून शेडपर्यंत कॅरेट वाहायचे, खताच्या गोण्या आत न्यायच्या, एवढंच तिचं काम. पांदणीवरसुद्धा काढणार नाही. ज्यांना रस्त्यावर गाडी चालवायची आहे त्यांनी कॉमन रेलच दुरुस्त करून घ्यावं.

आता डीआयच का? या इंजनाचा बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, 88.9 मिलिमीटर आणि स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची चाल, 101.6. इंचात मोजलं तर बरोबर साडेतीन बाय चार. ही मापंच त्याचं कूळ सांगतात. महिंद्राने 1963 मध्ये इंटरनॅशनल हार्वेस्टरसोबत ट्रॅक्टरचा कारखाना काढला, बी-275 ट्रॅक्टर बनवला, आणि त्या घराण्यातलं इंजन पुढे जीपमध्ये आलं. चार सिलिंडर मिळून 2523 सीसी. पिकअपमधून निघालेलं कॉमन रेल इंजनही 2523 सीसीचंच, म्हणजे दोघं एकाच वंशाचे. फरक डिझेल आत जाण्याच्या पद्धतीत. कॉमन रेलमध्ये दाब हजार बारच्या वर जातो आणि प्रत्येक थेंब ईसीएमच्या (इंजनाच्या संगणकाच्या) हुकमाने सुटतो. जुन्या डीआयमध्ये नोझल दोन-अडीचशे बारला स्प्रिंगच्या जोरावर उघडतं. ते नोझल तालुक्याच्या गावात तपासून, प्रेशर लावून मिळतं. आमच्या मिस्त्रीकाकांनी इंजन पाहिल्याबरोबर सांगितलं, "भाऊ, हे तं ट्रॅक्टरचंच इंजन हाय ना. याले पान्हा पुरते, लॅपटॉप नाई लागत." मला तेवढंच हवं होतं. ताकद 63 हॉर्सपॉवरच्या आसपास, पण ती 3200 आरपीएमलाच मिळून जाते आणि खालच्या आरपीएमला ओढ चांगली आहे. काळ्या मातीत भरल्या कॅरेटांनिशी पहिल्या गिअरमध्ये हळू चालायचं असतं, तिथे वरच्या आरपीएमची ताकद काय कामाची?

नवा गिअरबॉक्स जुन्या इंजनाला जोडायचा विचार मी पहिल्यांदाच सोडला. अडॅप्टर प्लेट, फ्लायव्हील, पायलट बेअरिंग यांत केसाएवढाही फरक राहिला तर इनपुट शाफ्टचं बेअरिंग खाऊन टाकतो. म्हणून डीआय इंजन आपल्या गिअरबॉक्ससकट जोडीनेच घेतलं. जोडणीचा प्रश्न संपला आणि त्याच्या जागी दोन नवे आले, इंजनाची बैठक आणि गिअरबॉक्सपासून मागच्या अ‍ॅक्सलपर्यंत फिरणारा प्रॉपेलर शाफ्ट.

बैठकीसाठी चेसिसच्या वरच्या-खालच्या पट्टीला भोक पाडलं नाही. चेसिसचा सगळा ताण त्याच पट्ट्यांवर येतो. कंपनीने उभ्या बाजूला दिलेली भोकं वापरून बोल्टने बसणारा क्रॉस मेंबर बनवला आणि माउंटिंगचे ब्रॅकेट त्याच्यावर घेतले. चेन कप्पीला इंजन टांगून, हवं त्या उंचीला आणून आधी वेल्डिंगचे नुसते टाके मारले. मग संप (इंजनाखालची ऑइलची टाकी) आणि अ‍ॅक्सल यांच्यातलं अंतर, पंख्यापासून रेडिएटरचं अंतर, स्टिअरिंगची जागा सगळं पुन्हा पाहिलं, आणि त्यानंतरच ब्रॅकेट बाहेर काढून पूर्ण वेल्डिंग केलं. टाक्यांवर असेपर्यंत बदल सोपा असतो, तेव्हा इथे घाई करू नका.

आता शाफ्ट. यावर जरा सविस्तर लिहितो, कारण गाडी थरथरते अशी तक्रार आली की लोक माउंटिंगचे रबर बदलत बसतात. शाफ्टच्या टोकाच्या सांध्यातला यूजे (युनिव्हर्सल जॉइंट) क्रॉस कोनात फिरला की पुढचा भाग एका फेरीत दोनदा वेगात येतो आणि दोनदा मंद होतो. दुसऱ्या टोकाचा क्रॉस तेच उलट करून हिशेब मिटवतो, पण त्याला दोन अटी आहेत. गिअरबॉक्सचा आऊटपुट आणि डिफरन्शियलचा पिनियन समांतर हवेत, म्हणजे दोन्हीकडचे कोन सारखे भरतात. आणि शाफ्टच्या दोन्ही टोकांचे योक (क्रॉस धरणारे दुबेळके) एका रेषेत हवेत. लेथवर शाफ्ट कापून पुन्हा जोडताना हे योकच हमखास वाकडेतिकडे बसतात. कापण्याआधी पाइपवर लांबीच्या दिशेने सरळ रेघ ओढा, कापायच्या जागेच्या दोन्ही बाजूंना. जोडताना रेघेला रेघ मिळवा. लांबी मोजताना गाडी चाकांवर उभी पाहिजे, जॅकवर नाही. आणि शाफ्टच्या सरकत्या जोडाची स्प्लाइन दोन्हीकडे सरकायला जागा उरली पाहिजे, नाहीतर मागचा पाटा दबला की शाफ्ट गिअरबॉक्सला ठोसे देतो. कोन मी इंजन टाक्यांवर असतानाच जुळवला, गिअरबॉक्सच्या मागच्या माउंटिंगखाली पत्रे घालून. शाफ्ट जोडून आला आहे, बॅलन्सिंगला अमरावतीला जायचा आहे. बॅलन्स झाल्याशिवाय लावणार नाही.

वायरिंगचं भय सगळ्यांना वाटतं, पण ते काम वाटतं त्यापेक्षा शांत आहे. ईसीएम आणि इंजनाची हार्नेस पूर्ण बाहेर. दिवे, वायपर, हॉर्न यांची बॉडी हार्नेस जशीच्या तशी. जुन्या इंजनाला स्टार्टर, अल्टरनेटर आणि पंपावरच्या स्टॉप सोलेनॉइडला चावीवरून 12 व्होल्ट, एवढंच लागतं. ऑइल प्रेशर आणि पाण्याच्या तापमानाचे मेकॅनिकल घड्याळ वेगळे लावले. अ‍ॅक्सलरेटर मात्र बदलावा लागला, कारण कॉमन रेलचं पेडल सेन्सरचं असतं आणि इथे केबल ओढायची आहे. पेडलखाली स्टॉपर द्या, नाहीतर पायाचा सगळा जोर पंपाच्या लिव्हरवर जातो.

ब्रेकचं एक विसरू नका. डिझेल इंजनाच्या मॅनिफोल्डमध्ये ब्रेकचा जोर वाढवणाऱ्या बूस्टरला पुरेल असा व्हॅक्यूम मिळत नाही, त्याला पंप लागतो. माझ्या इंजनात तो अल्टरनेटरच्या मागे आहे. त्याची ऑइलची नळी, बूस्टरकडे जाणारा पाइप आणि मधला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह तपासूनच गाडी जागची हलवायची.

रेडिएटर पिकअपचाच ठेवला. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या पुढे जातो, त्यामुळे काऊलिंगवर, म्हणजे पंख्याभोवतीच्या आवरणावर, कंजुषी नको. पंख्याची पाती साधारण अर्धी काऊलिंगच्या आत राहतील असं अंतर धरलं आहे.

पहिल्यांदा सुरू करताना फिल्टरचा बोल्ट सैल करून हातपंपाने बुडबुडे थांबेपर्यंत डिझेल काढलं, मग पंपाची हवा काढली, मग नोझलचे नट सैल ठेवून स्टार्टर दिला. डिझेल आलं तसे नट आवळत गेलो. आधी एक सिलिंडर बोलला, मग दुसरा, आणि मग चारही. तो ठकठक आवाज कानाला लागला तेव्हा आईसुद्धा घरातून बाहेर आली. काका हात पुसत म्हणाले, "आता बंद नोको करू, तेलाचं घड्याळ पाह्य." घड्याळाचा काटा वर उभा होता.

आता राहिलं ते असं. सायलेन्सरचा पाइप वळवून घ्यायचा, गिअर लिव्हरसाठी फ्लोअरचं भोक मागे सरकवायचं, क्लचच्या पेडलची चाल रिलीज बेअरिंगशी जुळवायची आणि शाफ्ट बॅलन्स करून आणायचा. आंबिया बहाराची तोड सुरू व्हायच्या आत गाडी बागेत फिरवायची आहे. क्लचच्या बाबतीत कुणी डीआयचा गिअरबॉक्स कॉमन रेल पिकअपच्या पेडलला जोडला असेल, तर फोर्कची चाल किती मिलिमीटर ठेवली ते सांगा. मी मोजून ठेवलं आहे, ताडून पाहतो.