पेशीच्या पायाखालची जमीन

अस्थिमज्जेतल्या मूलपेशींपासून हाडाच्या पेशी घडवायच्या असतील तर पोषकद्रवात डेक्सामेथासोन, ॲस्कॉर्बिक आम्ल आणि बीटा-ग्लिसरोफॉस्फेट घालायचे, हा प्रयोगशाळांमधला जुना शिरस्ता आहे आणि तो चालतोही. मात्र पेशी ज्यावर बसते तो पृष्ठभाग म्हणजे नुसती बैठक, असे त्यात गृहीत धरलेले असते. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या ॲडम एंगलर, शमिक सेन, ली स्वीनी आणि डेनिस डिशर यांनी २००६ साली ‘सेल’ या नियतकालिकात प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधाने या समजाला चांगलाच धक्का दिला. त्यांपैकी सेन पुढे आयआयटी मुंबईत प्राध्यापक झाले, त्यामुळे पवईतही या विषयावर काम होत आले आहे.

त्यांचे मुख्य साहित्य होते पॉलिॲक्रिलामाइड, म्हणजे प्रथिने वेगळी करण्यासाठी जीवरसायनशास्त्राच्या प्रयोगशाळांत नेहमी ओतले जाते तेच जेल. ॲक्रिलामाइड आणि त्याच्या साखळ्या एकमेकींना जोडणारे बिस-ॲक्रिलामाइड यांचे प्रमाण बदलले की जेलचा ताठरपणा हवा तसा राखता येतो. ओतण्यापूर्वीचे द्रावण चेतासंस्थेला घातक असल्याने हातमोज्यांशिवाय त्याला शिवायचे नाही. जेल घट्ट होऊन नीट धुतले गेले की तो धोका सरतो, पण त्यावर पेशी चिकटत नाहीत, म्हणून वरून कोलॅजेन या ऊतींना आधार देणाऱ्या प्रथिनाचा पातळ थर रासायनिक बंधाने बसवावा लागतो. हा थर आणि पोषकद्रव सर्वत्र सारखेच ठेवले, की फरक उरतो तो ताठरपणाचा.

ताठरपणा किलोपास्कलमध्ये मोजतात; आकडा जितका मोठा तितका पदार्थ ताठर. मेंदूच्या ऊतीइतक्या मऊ, म्हणजे ०.१ ते १ किलोपास्कलच्या जेलवर मूलपेशींना चेतापेशींसारखे फाटे फुटले. ८ ते १७ किलोपास्कलवर त्या स्नायुपेशींसारख्या लांबट झाल्या आणि २५ ते ४० किलोपास्कलवर त्यांच्यात हाडाची लक्षणे दिसू लागली. यातला शेवटचा आकडा पक्क्या हाडाचा नव्हे. हाड त्याहून कित्येक पटींनी कठीण असते. तो क्षार साचण्याआधीच्या, कोलॅजेनने भरलेल्या कोवळ्या हाडाचा आहे. पहिल्या आठवड्यात रसायने देऊन पेशींचा मार्ग बदलता येत होता. काही आठवडे उलटल्यावर मात्र त्या जेलने दाखवलेल्या वाटेवरच राहिल्या.

पेशीला हे कळते कसे? अंधारात चालणारा माणूस काठीने जमीन चाचपतो, तशी ती मायोसिन या आपल्या आकुंचन घडवणाऱ्या प्रथिनाच्या जोरावर पृष्ठभाग ओढून पाहते. मायोसिनचे काम ब्लेबिस्टॅटिन या औषधाने थांबवले तेव्हा ताठरपणाचा परिणामही नाहीसा झाला. ही खबर केंद्रकापर्यंत नेणाऱ्यांत याप आणि टाझ ही प्रथिने महत्त्वाची आहेत, हे इटलीतल्या पादुआ विद्यापीठाच्या स्तेफानो पिक्कोलो यांच्या गटाने २०११ साली दाखवले.

उपचारांच्या दृष्टीने मला त्याहून मोलाचे वाटते ते स्टॅनफर्डमधील हेलन ब्लाऊ यांच्या गटाचे २०१० मधले काम. स्नायूंतल्या मूलपेशी नेहमीच्या प्लास्टिकच्या डिशमध्ये वाढवल्या की स्नायू दुरुस्त करण्याची त्यांची क्षमता झपाट्याने ओसरते. त्याच पेशी स्नायूइतक्या, म्हणजे सुमारे १२ किलोपास्कलच्या हायड्रोजेलवर वाढवल्या तेव्हा उंदरांच्या स्नायूंत त्या कितीतरी चांगल्या रुजल्या. रोग्याला टोचायच्या पेशी आधी प्लास्टिकवर वाढवण्याची पद्धत सर्रास असताना ही बाब किरकोळ मानता येणार नाही. शिवाय क्रिस्टी ॲन्सेथ यांच्या गटाला २०१४ साली असे आढळले, की कडक पृष्ठभागावर फार काळ राहिलेली पेशी मऊ जेलवर आणल्यानंतरही जुन्या जागेची आठवण सोडत नाही.

अर्थात किलोपास्कलचा एक आकडा गाठला की काम झाले, असे समजणे भाबडेपणाचे ठरेल. शरीरातल्या ऊती ताण आला की हळूहळू सैलावतात; पॉलिॲक्रिलामाइड मात्र रबरासारखे तसेच ताणलेले राहते. हार्वर्डमधील डेव्हिड मूनी यांच्या गटाने समुद्री शेवाळापासून मिळणाऱ्या अल्जिनेटची अशी जेल केली, की सुरुवातीचा ताठरपणा सारखा, पण सैलावण्याचा वेग वेगळा. २०१६ च्या त्या प्रयोगांत पेशी जेलवर पसरलेल्या नव्हत्या, तर जेलच्या आत कोंडलेल्या होत्या. भराभर सैलावणाऱ्या जेलमध्ये त्यांना हातपाय पसरायला जागा करून घेता आली, त्या वाढल्या आणि हाडाच्या दिशेने वळल्या. संथ जेलमध्ये बऱ्याचशा गोल गोळा होऊन राहिल्या. मोडलेल्या हाडाभोवती साकळणारे रक्तही असेच लवकर सैलावते, आणि म्हणूनच हाड भरून आणण्यासाठी जेल निवडताना मी त्याच्या ताठरपणाआधी हा वेग तपासून पाहीन.