पाट्यांपासून पासिंगपर्यंत : आमची वाटचाल

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात वडिलांनी सुरू केलेल्या आमच्या वर्कशॉपमध्ये सुरुवातीची बरीच वर्षे पाट्यांखेरीज, म्हणजे गाडीचा भार पेलणाऱ्या लीफ स्प्रिंगखेरीज, दुसरे काम नव्हते. तुटलेला पाटा बदलायचा, बसलेल्या पाट्यांना पुन्हा कमान द्यायची, सेंटर बोल्ट आणि यू बोल्ट नवे घालायचे आणि संध्याकाळपर्यंत गाडी मालकाच्या ताब्यात द्यायची, एवढीच त्या धंद्याची व्याप्ती होती. पाटे चेसिसला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला, जोडणाऱ्या शॅकलच्या पिन आणि बुश शेजारच्या लेथवर करून मिळत आणि ओतकामासाठी शिरोलीच्या पुढे जावे लागत नसे, त्यामुळे फार भांडवल नसतानाही जम बसला.

ट्रकच्या कामातून आम्ही जीपकडे वळलो ते गगनबावडा, राधानगरी आणि शाहूवाडीकडच्या गिऱ्हाइकांमुळे. महिंद्रांनी 1947 साली विलीज जीपची जुळणी भारतात सुरू केली आणि पुढे सीजे-3बी, एमएम 540, कमांडर अशा गाड्या आल्या. आमच्या डोंगरी भागात दुधाचे कॅन, खताची पोती, गुळाच्या ढेपा आणि वेळप्रसंगी आजारी माणूस, सगळे याच गाड्यांनी वाहिले. मुळात ही गाडी सैन्यात पाव टनी, म्हणजे पाव टन माल नेणारी, म्हणून ओळखली जाई, पण आमच्याकडे येणाऱ्या मालकाचे मागणे एकच असे : "मालक, मागं दोन पाटं वाढवा की, टनभर बसलं पाहिजे."

पाटे वाढवणे अवघड नाही. अवघड आहे ते त्याचे पुढचे परिणाम सांभाळणे. पाट्याचा ताठपणा त्याच्या जाडीच्या घनाने वाढतो. म्हणजे 6 मिलीमीटरऐवजी तेवढ्याच लांबी-रुंदीचा 8 मिलीमीटर पाटा घातला, तर तो सव्वादोन पटींहूनही अधिक ताठ होतो. अशी गाडी भरलेली असताना सरळ उभी दिसते आणि मालक खूश होतो. परंतु मोकळी असताना तिचे मागचे चाक खड्ड्यातून उसळते, रस्त्याची पकड सुटते आणि पाट्याने न गिळलेला प्रत्येक धक्का चेसिसवर जातो. पाटे वाढवलेल्या जुन्या जीपा काही महिन्यांनी दुसरीच तक्रार घेऊन येत. शॅकलच्या हँगरजवळ, रिव्हेटच्या भोकापासून निघालेली केसाएवढी चीर रंगाखाली दिसत नाही. ती जागा घासून, रॉकेल लावून, कोरडी पुसून वर खडू फिरवला की काही वेळाने त्या पांढऱ्या खडूत रॉकेलची रेघ उमटते. ही तपासणी वडिलांनी सुरू केली आणि आजही आम्ही ती प्रत्येक गाडीवर करतो.

चेसिसनंतर एक्सल येतो. युद्धकाळातील विलीज एमबीचा मागचा एक्सल फुल-फ्लोटिंग होता, म्हणजे गाडीचा भार एक्सलच्या बाहेरच्या कवचावर (हाऊसिंगवर) राही आणि शाफ्टने फक्त चाक फिरवायचे. शेतीकामासाठी म्हणून विकल्या गेलेल्या नागरी जीपला मात्र सेमी-फ्लोटिंग एक्सल आला, ज्यात भारही शाफ्टच्याच टोकावर पडतो. ओझे वाहायला निघालेल्या गाडीला नाजूक एक्सल द्यावा, यामागचे गणित बहुधा किमतीचे असावे. अशा गाडीला पाटे कितीही घातले तरी शाफ्ट आणि बेअरिंग तेच राहतात. टायरचेही तसेच. त्याच्या कडेवर भारांक (लोड इंडेक्स) 100 लिहिला असेल तर तो 800 किलो पेलतो. दोन टायर मिळून एका एक्सलवर 1600 किलोंची मर्यादा येते आणि त्यात गाडीचे स्वतःचे वजनही धरावे लागते.

हे समजावताना आम्ही मालकाला गाडी घेऊन वजनकाट्यावर जायला सांगतो आणि पुढचा व मागचा एक्सल वेगवेगळा मोजून आणायला लावतो. सीजे-3बीचा व्हीलबेस, म्हणजे दोन एक्सलमधले अंतर, 80 इंच, म्हणजे सुमारे 203 सेंटीमीटर. तिच्या मागच्या एक्सलपासून अर्धा मीटर मागे 300 किलो माल ठेवला, तर मागे 300 नव्हे, सुमारे 374 किलो भार पडतो आणि पुढचा एक्सल 74 किलोंनी हलका होतो. करूळ घाटात पावसात स्टिअरिंग हलके लागते, ही तक्रार पुष्कळदा इथे सुटते. माल पुढे सरकवला की काम भागते आणि आमचे बिल बुडते. उताराला ब्रेक ड्रममध्ये निर्माण होणारी उष्णताही वजनाच्याच प्रमाणात वाढते, हे वेगळे सांगायला नको.

राहिला प्रश्न कागदाचा. मोटार वाहन कायदा, 1988 मधील कलम 58 नुसार मालवाहू वाहनाचे नोंदलेले एकूण वजन हे मेक, मॉडेल आणि टायरची संख्या, प्रकार व आकार यांच्याशी बांधलेले असते, तर कलम 52 मुळे उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी न जुळणारा बदल मालकाला सहसा करता येत नाही. पाटे वाढवल्याने आरसी बुकातील आकडा बदलत नाही. माल भरून गाडीचे एकूण वजन त्या आकड्याच्या वर गेले, तर 2019 च्या दुरुस्तीनंतर दंड 20,000 रुपये आणि वर प्रत्येक जादा टनामागे 2,000 रुपये आहे; जादा माल उतरवून घेण्याचा खर्चही वाहनमालकावरच पडतो. त्यामुळे आमच्या प्रत्येक बिलावर "पासिंगमध्ये बदल केलेला नाही" असे वाक्य छापलेले असते; पासिंग म्हणजे आरसी बुकात नोंदलेले हेच वजन. सुरुवातीला काही गिऱ्हाइके त्यावर नाराज होऊन दुसरीकडे गेली.

आज आमच्याकडे भट्टी आहे. सिलिको-मँगनीज पोलादाचे पाटे तापवून तेलात विझवले जातात आणि पुन्हा बेताचे तापवून (टेंपर करून) त्यांचा कडकपणा मोजला जातो. जुन्या जीपची मूळ वहनक्षमता तिला परत मिळवून देणे, हे आमचे मुख्य काम झाले आहे, कारण चाळीस वर्षांच्या गाडीचे पाटे बसलेले आणि ब्रेक लायनर झिजलेले असतील, तर कागदावरचे वजनही ती सुरक्षितपणे नेऊ शकत नाही. लोखंडी बंपर, विंच आणि छतावरचा कॅरिअर बसवून आणणाऱ्या हौशी मालकांना आम्ही आधी ते काढून वजन करायला सांगतो, कारण त्यांचा प्रत्येक किलो मालाच्या वजनातून वजा होतो. ज्यांना याहून अधिक माल न्यायचा असतो, त्यांना मोठ्या पासिंगची गाडी घ्या असेच सांगावे लागते.