विली ओ'री यांची अर्ध्या नजरेची कारकीर्द

नॅशनल हॉकी लीग या उत्तर अमेरिकेतील आइस हॉकीच्या सर्वोच्च साखळी स्पर्धेतले पहिले कृष्णवर्णीय खेळाडू म्हणून विली ओ'री ओळखले जातात. मला मात्र त्यांच्या उजव्या डोळ्याची गोष्ट अधिक थक्क करते. कॅनडातील फ्रेडरिक्टन येथे 1935 साली जन्मलेल्या ओ'री यांना ज्युनिअर हॉकी खेळताना पक (चेंडूऐवजी वापरली जाणारी कडक रबरी चकती) उजव्या डोळ्याला लागला, त्या डोळ्याची दृष्टी जवळजवळ संपूर्ण गेली आणि हे त्यांनी संघांपासून लपवून ठेवले. 18 जानेवारी 1958 रोजी बोस्टन ब्रुइन्स या संघाकडून ते माँट्रियलमध्ये बर्फावर उतरले, तेही याच अवस्थेत. डाव्या बगलेवर, म्हणजे मैदानाच्या डाव्या बाजूला, खेळत असल्यामुळे उजवीकडून येणारा पक टिपायला त्यांना मान पार खांद्यापर्यंत वळवावी लागे, आणि त्यातच प्रेक्षकांच्या वर्णद्वेषी शिव्याही झेलाव्या लागत. या लीगमध्ये त्यांच्या वाट्याला अवघे 45 सामने आले, त्यांत 4 गोल. पुढे लॉस एंजेलिसच्या संघात प्रशिक्षकांनी त्यांना उजव्या बगलेवर आणले (इतकी साधी गोष्ट आधी घडली नाही, कारण गुपितच तसे होते!) आणि वेस्टर्न हॉकी लीग या दुय्यम स्पर्धेच्या दोन हंगामांत त्यांनी प्रत्येकी 38 गोल केले. नॅशनल हॉकी लीगमध्ये दुसरा कृष्णवर्णीय खेळाडू, माइक मार्सन, यायला मात्र 1974 साल उजाडावे लागले.