कानामागचे तुटके केस

१४ वर्षांची मुलगी. सहा महिन्यांपासून जेवण जात नव्हतं, वरचेवर उलट्या, वजन उतरलेलं. पोटाच्या वरच्या भागात टणक गाठ हाताला लागली आणि तिची आई माझ्या तोंडाकडे बघत राहिली. तिला कशाची भीती वाटत होती ते कळत होतं. मलाही तीच होती.

मुलीने मान वळवली तेव्हा कानामागे केसांचा विरळ पट्टा दिसला. चाई पडल्यावर दिसते तशी गुळगुळीत जागा नव्हती ती. कुठे पेरभर केस, कुठे नुसते खुंट.

"गळतात हो तिचे केस," आई म्हणाली.

गळणारे केस असे अर्ध्यातून तुटत नाहीत. आईला बाहेर बसवून मी हळूच विचारलं, "बाळा, केस ओढून तोंडात घालतेस का?" बऱ्याच वेळाने तिने मान डोलावली.

दुर्बिणीतून जठरात नुसतं काळं जाळं दिसलं. त्या वाटेने ते निघणार नव्हतं. ऑपरेशन करून जठर उघडलं, तर केसांचा गोळा हुबेहूब जठराच्याच आकाराचा, अडकलेल्या अन्नाच्या उग्र वासाचा, आणि त्याची शेपटी लहान आतड्यात उतरलेली. ती इंचाइंचाने बाहेर घेताना मी कुणाशी बोललो नाही. जोर जास्त झाला तर आतडं फाटतं.

"सर, मांस पचतं, मग केस का नाही? दोन्ही प्रथिनंच ना?" शिकाऊ डॉक्टरने नंतर विचारलं.

प्रश्न अगदी योग्य होता. केस, नखं, पिसं ज्याची बनतात त्या केराटिन नावाच्या प्रथिनात गंधक भरपूर. प्रथिनाच्या शेजारच्या साखळ्यांतले गंधकाचे अणू जोडीजोडीने एकमेकांना धरून असतात. जठरातल्या आम्लाने ही पकड सुटत नाही, आणि ती सुटल्याशिवाय प्रथिनं तोडणाऱ्या जठरातल्या पेप्सिनला आत शिरायला वाट नाही. शिवाय केस निसरडा; जठराच्या घड्यांत बसला की पुढे ढकलला जात नाही. घुबड उंदराचे न पचलेले केस गोळी करून ओकून टाकतं. या मुलीच्या पोटात ते साठतच गेले.

आईला मी एवढंच सांगितलं, "तिला रागावू नका. हा आजार आहे." मानसोपचार सुरू झाले.

तीन महिन्यांनी ती आली, तेव्हा तिने स्वतःच कानामागची बट बाजूला केली. खुंट होते तिथेही आता तीनेक सेंटिमीटर केस होते.